त्यालाच विचार की

आमच्या टीममध्ये एक सिनियर होता, काहीही अडलं की सगळ्यांचं उत्तर एकच, "त्यालाच विचार की." शेअर्ड फोल्डर होता, त्यात 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'हीच वापरा' अशा नावाच्या फायलीही होत्या, पण त्या उघडण्यापेक्षा त्याच्या टेबलापर्यंत चालत जाणं सोपं. मग त्याने राजीनामा दिला. शेवटचे दोन आठवडे रोज तासभर केटी, म्हणजे जाणाऱ्याने आपलं काम मागच्यांना समजावून देणं, स्क्रीन शेअर, रेकॉर्डिंग चालू, आम्ही माना डोलावतोय. ती रेकॉर्डिंग नंतर कुणी बघितली असतील असं वाटत नाही, मी तर नाहीच.

तो गेला आणि पहिल्याच महिनाअखेरीला रिपोर्ट अडकला. डॉक्युमेंटमधल्या सगळ्या स्टेप्स दोनदा केल्या, हलेना. शेवटी फोन केला तर म्हणतो, "अरे, आधी जुनी फाइल डिलीट करायची ना, मी लिहिलं नाही का?" नव्हतं लिहिलं. मुद्दाम नाही हो, त्याच्या हाताला ते इतकं सवयीचं झालेलं की ही एक स्टेप आहे हेच त्याच्या डोक्यात नव्हतं.

याचा बाप किस्सा अमेरिकेतला आहे. तिथे अण्वस्त्रांत फॉगबँक नावाचा एक गुप्त पदार्थ वापरायचे, 1980 च्या दशकात बनवलेला. 2000 नंतर जुनी अस्त्रं नव्याने ठाकठीक करायला तो परत लागला, तर नोंदी तुटपुंज्या आणि जाणकार बहुतेक रिटायर. पैसा ओतला, वर्षं गेली, तरी आधीसारखा जमेना. मग कळलं की पूर्वी कच्च्या मालात एक अशुद्धी असायची, तिच्यामुळेच माल नीट व्हायचा, आणि नव्या पद्धतीत ती आधीच साफ होत होती. गंमत म्हणजे जुन्या लोकांनाही हे माहीत नव्हतं! आता घ्या केटी.

झेरॉक्स मशीन बनवणाऱ्या झेरॉक्स कंपनीचं मला त्यातल्या त्यात पटतं. ज्युलियन ऑर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्या मशीन दुरुस्त करणाऱ्यांबरोबर हिंडला तेव्हा दिसलं की मॅन्युअल राहतं बाजूला, खरी माहिती फिरते ती जेवताना एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांतून. पुढे 1990 च्या दशकात कंपनीने त्यांच्या अशा युक्त्यांचा युरेका नावाचा साठा केला, आणि प्रत्येक युक्तीखाली देणाऱ्याचं नाव. नाव असलं की माणूस लिहितो, बाकी मॅनेजरच्या मेलने कोण लिहितंय.

परवा नवीन मुलीला रिपोर्ट शिकवत होतो. तिने विचारलं, "पण ही जुनी फाइल डिलीट का करायची?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, थांब, त्याला फोन लावतो.