आमची वाटचाल: नुसता पेटलेला व्हॉल्व्ह म्हणजे चांगला व्हॉल्व्ह नाही

आमचं काम एका वाक्यात सांगायचं तर ऑडिओ ॲम्पचे पॉवर व्हॉल्व्ह (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब) आम्ही खऱ्या व्होल्टेजवर चालवून तपासतो, त्यांच्या जोड्या लावतो आणि मगच विकतो. पण सुरुवात विक्रीपासून झाली नव्हती, सुरुवात रिपेअरिंगपासून झाली. ॲम्प यायचे आणि तक्रार बहुतेक वेळा एकच, व्हॉल्व्ह नवीन टाकले तरी बेस ढिला वाटतो, हम (घुमणारी गुणगुण) येतो, किंवा एका व्हॉल्व्हची प्लेट (आतला इलेक्ट्रॉन गोळा करणारा धातूचा भाग) लाल होते.

उघडून मोजायला लागलो की कारण दिसायचं. पुश-पुल ॲम्पमधे, म्हणजे जिथे व्हॉल्व्ह जोडीने सिग्नल ढकलतात-ओढतात, दोन व्हॉल्व्हचा करंट आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्या भागांतून उलट दिशांनी जातो म्हणून त्यांचं डीसी एकमेकांना काटतं, आणि त्या भरवशावरच अशा ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमधे सहसा एअर गॅप ठेवत नाहीत. आता एका ईएल३४ (पॉवर व्हॉल्व्हचं एक मॉडेल) मधून ३५ मिलीअँपिअर आणि दुसऱ्यातून ५० जात असेल तर उरलेलं डीसी कोअरमधे बसतं, कोअर लवकर सॅच्युरेट होतो (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही) आणि मार सगळ्यात आधी बेसला बसतो, शिवाय सप्लायचा हम जो आपोआप रद्द व्हायचा तोही पूर्ण रद्द होत नाही. आणि गंमत म्हणजे हे दोन्ही व्हॉल्व्ह साध्या टेस्टरवर "गुड" दाखवतात, कारण तो टेस्टर कमी व्होल्टेजवर नुसतं एमिशन, म्हणजे तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन किती निघतात ते, बघतो.

इथूनच आमचा धंदा वळला. आम्ही स्वतःचं टेस्ट जिग बनवलं, प्लेटला ४०० व्होल्टच्या आसपास, स्क्रीनला (आतल्या दुसऱ्या जाळीला) वेगळा सप्लाय, बायस (ग्रिड नावाच्या पहिल्या जाळीवरचं निगेटिव्ह व्होल्टेज, ज्यावर करंट ठरतो) हवा तसा फिरवता येईल असा, आणि प्रत्येक कॅथोडला मीटर. आधी व्हॉल्व्ह चांगला तापू द्यायचा आणि सलग चालवत ठेवायचा, कारण नवीन व्हॉल्व्ह सुरुवातीच्या तासांत सरकतो आणि तेव्हा लावलेली जोडी टिकत नाही. मग प्लेट करंट बघायचा आणि बायस थोडा हलवला की करंट किती बदलतो तेही बघायचं. दोन्ही आकडे जुळले तरच जोडी. नुसता करंट जुळवून विकणं सोपं आहे पण आम्हाला ते पटत नाही, सिग्नल आला की तो करंट हलणारच आहे ना!

प्लेट लाल होण्याबद्दल जरा जास्त लिहितो कारण यात लोकांचे पैसे फार जातात. दोष नेहमी व्हॉल्व्हचाच नसतो. कपलिंग कॅपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल ग्रिडला देणारा) थोडा जरी लीक असेल तरी ग्रिडवरचा निगेटिव्ह बायस कमी होतो आणि करंट चढतो, नवीन व्हॉल्व्ह टाकला तर तोही तसाच जाणार. दुसरं म्हणजे ईएल३४ च्या ॲम्पमधे सरळ केटी८८ लावणं. पिना बसतात म्हणून लोक लावतात, पण केटी८८ ला ग्रिड रेझिस्टर बराच कमी व्हॅल्यूचा लागतो, तो तसाच मोठा ठेवला तर जरासा ग्रिड करंटसुद्धा बायस ढकलतो, व्हॉल्व्ह अजून तापतो, ग्रिड करंट अजून वाढतो आणि मग तो थांबतच नाही. ६एल६ च्या जागी ईएल३४ लावणाऱ्यांना आम्ही आधी हीटरचं विचारतो, ६एल६ ०.९ अँपिअर घेतो आणि ईएल३४ दीड, चार व्हॉल्व्ह असतील तर ३.६ चे ६ अँपिअर होतात आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर भाजून निघतो. शिवाय ईएल३४ ची १ नंबरची पिन कॅथोडला जोडलेली हवी, ती बऱ्याच सॉकेटवर मोकळीच असते.

ग्राहक घाबरून फोन करतात ते निळ्या चमकीसाठी. काचेच्या आतल्या बाजूला हलकी निळी झाक दिसली तर काळजी नको, भटके इलेक्ट्रॉन काचेवर आदळतात त्याची ती चमक असते. प्लेटच्या आत गुलाबी-जांभळा धूर भरल्यासारखं दिसलं तर मात्र गॅस आहे, लगेच बंद करा. आणि काचेवरचा चंदेरी गेटर (उरलेला गॅस शोषणारा थर) पांढरा पडला असेल तर आत हवा गेली, तो व्हॉल्व्ह संपला.

२०२२ चा काळ अवघड गेला. रशियाच्या निर्यातबंदीत तिथल्या सारातोव शहरातल्या व्हॉल्व्ह कारखान्याचा माल अडकला, सगळा भार स्लोव्हाकिया आणि चीनच्या कारखान्यांवर आला आणि चांगल्या जोड्या मिळणं मुश्किल झालं. तेव्हा आम्ही जुने काढलेले व्हॉल्व्ह परत मोजून द्यायला लागलो, त्यातले बरेच अजून कामाचे निघतात. हे काम आजही सुरू आहे आणि मनापासून आवडतं. १९३६ मधे आलेला ६एल६ आजही नवीन बनतो, तो नीट चालवला पाहिजे असं आम्हाला वाटतं.

सध्या ३००बी या व्हॉल्व्हसाठी वेगळं जिग बनवतोय, त्याला वेगळा कॅथोड नाही, ५ व्होल्टचा फिलामेंटच कॅथोडचं काम करतो त्यामुळे फिलामेंटचा सप्लाय एकदम स्वच्छ लागतो. ते तयार होईपर्यंत ईएल३४, केटी८८ आणि ६एल६ च्या जोड्या मिळतील. विचारताना ॲम्पचं मॉडेल, बायस फिक्स्ड (वेगळ्या सप्लायवरून) आहे की कॅथोड (कॅथोडच्या रेझिस्टरवरून), आणि प्लेट व्होल्टेज माहीत असेल तर तेही सांगा. माहीत नसेल तर स्वतः आत हात घालून मोजू नका, बंद केल्यावरही कॅपॅसिटरमधे ४००-५०० व्होल्ट राहू शकतात. ॲम्प पाठवून द्या, आम्ही मोजतो.