दूध बंद करणारी गोळी

आईच्या बीपीच्या गोळीला कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर म्हणतात, हे मी तिला उगाच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दूध बंद! "एक गोळी कॅल्शियम देणार, दुसरी अडवणार. डॉक्टरांचं चाललंय तरी काय?"

मी डी.फार्म. केलंय, रोज मेडिकलच्या काउंटरला उभी असते, पण घरात विचारतंय कोण. म्हटलं, अगं, रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतो. त्याच्या पेशीत कॅल्शियम शिरलं की तो आवळतो. गोळी तेवढंच दार लावते, नळी सैलावते, प्रेशर उतरतं. तुझ्या हाडांना ती हात लावत नाही.

खरी कटकट वेगळीच होती. तिची ही बीपीची गोळी, अ‍ॅम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅमची १० झाली आणि महिन्याभरात आईची जोडवी रुतायला लागली. घोट्याजवळ अंगठा दाबला की खळगा पडायचा, तो लवकर भरायचाच नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, किडनी गेली. लघवी, क्रिएटिनिन, इको, सगळं बघून झालं, सगळं ठीक. दोष गोळीचा होता. अ‍ॅम्लोडिपिन धमन्या सैल करते, शिरा तशाच राहतात. मग आत आलेलं पाणी बारीक केशवाहिन्यांतून पायात झिरपतं. म्हणूनच अशा सुजेवर लघवीची गोळी फारशी चालत नाही.

तेवढ्यात कोल्हापूरहून मामा आला. "माझीपण कॅल्शियमवालीच आहे गं, डिल्टियाझेम. बघ, पाय कसे आहेत माझे! चार घेऊन ठेव." मी पाकीट त्याच्या हातातून काढूनच घेतलं. नाव एक, पण स्वभाव निराळा. ...डिपिनवाल्या मुख्यतः रक्तवाहिन्यांवर चालतात. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल हृदयावरही चालतात, ठोके मंद करतात. आईच्या डब्यात आधीच मेटोप्रोलॉल, तेही ठोके कमी करणारं. दोन्ही मिळून नाडी कुठे जाऊन बसली असती! (व्हेरापामिलनं बद्धकोष्ठही होतं, ते वेगळंच.)

डॉक्टरांनी सिल्निडिपिन दिली. तीही डिपिनच, पण ती रक्तवाहिन्यांतल्या एल प्रकारच्या कॅल्शियम चॅनेलबरोबर मज्जातंतूंच्या टोकांवरचे एन प्रकारचे चॅनेलही अडवते, त्यामुळे शिराही थोड्या सैलावतात आणि सूज कमी येते. सगळ्यांनाच असा गुण येतो असं नाही, आईला आला.

जोडवी आता बोटात फिरतात. दूधही सुरू झालंय. फक्त बीपीची गोळी सकाळी आणि कॅल्शियमची रात्री, असं तिनं स्वतःच ठरवलंय. "दोघींची गाठ नको पडायला."