टाका कुठे घालायचा?

माझा डावा पाय उजव्यापेक्षा सपाट आहे. ओल्या पायांनी घरातल्या फरशीवर उभे राहिले, की उजव्या ठशात आतल्या बाजूला कमानीची मोकळी जागा स्वच्छ दिसते आणि डाव्या ठशात ती जवळपास भरून गेलेली असते. असा फरक पुष्कळांच्या पायांत असतो, पण रोजच्या चालण्यात तो जाणवत नाही. कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाभोवती रोज पहाटे धावायला लागल्यावर मला तो जाणवला, आणि दुकानात मिळणारी धावण्याच्या बुटांची जोडी दोन्ही पायांना एकच आधार देते, हेही त्याच सुमारास लक्षात आले. आधार हवा असेल तर जड जोडी घ्यावी आणि हलकेपणा हवा असेल तर आधारावर पाणी सोडावे, एवढीच निवड तिथे शिल्लक राहते. शिरोलीच्या एमआयडीसीत बिडाच्या ओतकामासाठी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा उठवतात तो नमुना, करणाऱ्या एका कार्यशाळेत मी डिझाइनचे काम करते. मोजणे, कापणे आणि घासणे हे माझ्या रोजच्या कामातलेच असल्याने साधारण दीड वर्षापूर्वी हलका असूनही आधार देणारा बूट करण्याचा हा प्रश्न मी स्वतःच हाती घेतला, आणि तेव्हापासून माझे बहुतेक रविवार त्यात जातात.

सुरुवात मी जुना बूट उभा-आडवा कापून केली. सुटे झालेले भाग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले, तेव्हा आईने तो काटा पुन्हा पिठाजवळ आणायचा नाही अशी ताकीद दिली. एका बुटाचे वजन २६८ ग्रॅम होते. त्यापैकी वरचे कापड, जीभ आणि नाड्या मिळून ८० ग्रॅम, मधला फोमचा तळ ७४, खालचे रबर ६२, टाचेचा कडक कप आणि कमानीखालचा प्लास्टिकचा तुकडा मिळून २६, सुटी निघणारी आतली गादी १८, आणि उरलेले आठ ग्रॅम गोंदाचे व दोऱ्याचे. धावताना प्रत्येक पायावर १०० ग्रॅम वजन वाढले, की शरीराला लागणारा प्राणवायू साधारण एक टक्क्याने वाढतो, असे प्रयोगशाळांतल्या मोजमापांतून अनेकदा दिसून आले आहे. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु हे वजन पायाच्या टोकाशी असते आणि तासाभराच्या धावण्यात ते हजारो वेळा उचलून पुढे न्यावे लागते.

या आकड्यांत मला सर्वांत खटकले ते रबराचे ६२ ग्रॅम. माझ्या मापाच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे १८० चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर रबराचा एक मिलिमीटरचा थर दिला, तर २० ग्रॅम वाढतात. तेवढ्याच जाडीचा, मधल्या तळात वापरतात त्या ईव्हीए नावाच्या फोमचा थर जेमतेम तीन ग्रॅमचा होतो. फोममध्ये बहुतांश हवाच असते, म्हणून हा फरक पडतो. झिजलेल्या जुन्या तळावर खडूने खुणा केल्या, तेव्हा खरी झीज टाचेच्या बाहेरच्या कडेला, चवड्याखाली आणि अंगठ्याखाली एवढीच दिसली. तेवढ्याच जागी रबराच्या चकत्या ठेवल्या आणि एका बुटात ३८ ग्रॅम वाचले. पावसाळ्यात तलावाकाठच्या ओल्या फरशीवर पाय सटकू नये म्हणून चवड्याखालची चकती मात्र मी नंतर थोडी रुंद केली आणि तेवढी भर टाचेकडच्या चकतीतून कापून घेतली.

वजन उतरवणे त्या मानाने सोपे होते. आधार देणे अवघड. रूढ पद्धतीत आतल्या बाजूला अधिक कडक फोम घालतात किंवा कमानीखाली प्लास्टिकचा तुकडा बसवतात. मीही डाव्या बुटात कडक फोमची पाचर चिकटवली. तिचे वजन ११ ग्रॅम झाले, आणि तिसऱ्या आठवड्यात डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागली. चूक सर्वस्वी माझी होती: ठसा सपाट दिसला म्हणून त्याखाली उंचवटा द्यायचाच, असे मी गृहीत धरले होते. त्यानंतर वाचन केले, तेव्हा अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या प्रशिक्षणार्थींवर केलेले अभ्यास समोर आले. तळपायाच्या ठशावरून ज्यांना बूट ठरवून दिले, त्यांच्या दुखापती इतरांपेक्षा ठळकपणे कमी झाल्या नाहीत. कॅनडातले बायोमेकॅनिक्सचे संशोधक बेन्नो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये असे मांडले, की धावणाऱ्याला जो बूट स्वतःहून आरामदायी वाटतो, तो निवडणे हाच दुखापत टाळण्याचा अधिक शहाणा मार्ग असावा. हे मान्य केले, तर बूट तयार करणाऱ्याने आधार किती असावा हे ठरवूनच टाकू नये. घालणाऱ्याला तो कमी-जास्त करता येईल अशी सोय द्यावी. पाचर चिकटवून ठेवली, की ती सोय संपते.

इथे मला उपयोग झाला तो सुभाषनगरातल्या तात्यांचा. तात्या आमच्या घरोब्याचे. कोल्हापुरी चपला शिवण्यात त्यांचा जन्म गेला. माझा बूट त्यांनी हातात घेतला, दोन्ही टोकांना धरून वाकवला, कानाशी नेला आणि म्हणाले, “पोरी, तळाचं थर तू सगळं चिकटवल्यास. चिकटवल्यालं थर एकजीव हुत्यात, मग ते वाकणार कसं?” पुढे बोलणे नाही. त्यांनी नवी चप्पल काढून तिचा तळ चवड्याच्या जागी दुमडून दाखवला. हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेल्या चामड्याचे थर त्यांनी चामड्याच्याच वादीने शिवले होते. खिळा कुठेही नव्हता. तळ दुमडताना वरचा थर खालच्यावर किंचित सरकत होता, हे टाक्यांच्या ओळीकडे पाहून डोळ्यांना कळत होते.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी शिकवलेले, आणि मी परीक्षेनंतर विसरून गेलेले, हेच सूत्र होते. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या एका पापुद्र्याचा ताठरपणा एक धरला, तर एकमेकांवर नुसत्या ठेवलेल्या तीन पापुद्र्यांचा ताठरपणा ३ होतो. तेच तीन पापुद्रे एकजीव चिकटवले, तर जाडी तिप्पट होते आणि ताठरपणा ३ चा घन, म्हणजे २७. वजन दोन्ही वेळा तेच. ज्याला हे सूत्र रुक्ष वाटेल, त्याने शंभर पानी वही हातात घेऊन वाकवावी: पाने एकमेकांवरून सरकतात म्हणून ती सहज वाकते. मग तिच्या मोकळ्या कडेला चारपाच घट्ट चाप लावून पुन्हा वाकवावी.

म्हणजे थर कुठे मोकळे सोडायचे आणि कुठे बांधायचे, एवढ्यावर बुटाचा ताठरपणा ठरवता येतो, आणि त्यासाठी एक ग्रॅमही वाढवावा लागत नाही. हे कळल्यावर मी कमानीखालचा प्लास्टिकचा तुकडा आणि टाचेचा कप दोन्ही काढून टाकले. त्यांच्या जागी, आतल्या गादीच्या खाली, पॉलिप्रॉपिलीनच्या अर्धा मिलिमीटरच्या तीन पापुद्र्यांची एक सुटी पट्टी ठेवली. हे पापुद्रे स्टेशनरीच्या दुकानातल्या फायलींच्या कव्हरांतून कापले आहेत, आणि तिन्ही मिळून १४ ग्रॅम भरतात. चवड्याच्या भागात ते मोकळे आहेत. कमानीच्या भागात टाके घालून एकमेकांशी बांधले आहेत. उजव्या पायाच्या पट्टीत टाक्यांची एक ओळ पुरली, डाव्या पायाच्या पट्टीत तीन ओळी लागल्या. बाहेरून दोन्ही बूट सारखेच दिसतात.

पहिली पट्टी नऊ दिवसांत फाटली. मी टाके आडवे, म्हणजे पायाच्या रुंदीच्या दिशेने घातले होते. सुईच्या भोकांची ती ओळ नेमकी वाकण्याच्या रेषेला समांतर आली आणि टपाल तिकिटांच्या कागदासारखी पट्टी त्या ओळीवर सुटून आली. तात्यांना दाखवले, तर ते हसले, आणि चपलेच्या तळावरच्या टाक्यांवरून त्यांनी बोट फिरवले: त्यांच्या ओळी टाचेकडून चवड्याकडे, कडेच्या आतून लांबीच्या दिशेने गेलेल्या होत्या. दुसऱ्या पट्टीत मी तशाच ओळी घातल्या आणि दोन भोकांमधले अंतर वाढवले. ती पट्टी पाच महिने टिकली आहे. तीनाला सत्तावीस हे कागदावरचे प्रमाण प्रत्यक्षात मिळत नाही, हेही सांगायला हवे. पट्टीच्या टोकाला वजन टांगून ती किती झुकते हे मी मोजले, तेव्हा मोकळ्या आणि बांधलेल्या भागांत सुमारे पाचपट फरक आला, कारण दोरा थोडा ताणतो आणि मोकळे म्हटलेले थरसुद्धा एकमेकांवर घासतातच. पायाला जाणवायला पाचपट फरक पुरेसा आहे.

चवडा मोकळा ठेवण्याचा आग्रह निव्वळ आरामासाठी नाही. पाऊल जमिनीवरून सुटताना बोटे वर वळतात, तेव्हा टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तळपायाचा जाड पडदा बोटांच्या सांध्यांभोवती ताणला जातो आणि कमान आपोआप उंचावते. हिक्स या शरीररचनेच्या अभ्यासकांनी १९५४ मध्ये या क्रियेची तुलना वजन ओढणाऱ्या रहाटाशी केली होती. तळ जर बोटांना वळूच देत नसेल, तर पायाचा स्वतःचा आधार आपण काढून घेतो आणि त्या बदल्यात प्लास्टिकचा देतो. स्पर्धेच्या बुटांत याच्या उलट कार्बनची ताठ पट्टी घालतात, हे खरे आहे. पण ती हलक्या, फार उसळणाऱ्या जाड फोमच्या जोडीने आणि विशिष्ट वेगासाठी बेतलेली असते. रस्त्यावरच्या स्पर्धेसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि ताठ पट्टी एकच, अशी मर्यादा जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला २०२० मध्ये घालावी लागली, यावरून त्या रचनेचा जोर कळतो. सकाळी सहा किलोमीटर धावून कामाला जाणाऱ्या माझ्यासारखीला तिची गरज नाही.

वाकण्याच्या रेषेबद्दलही माझी एक समजूत चुकीची निघाली. पॅटर्न शॉपमधल्या सवयीने मी फोमच्या तळाखालच्या खाचा मध्यरेषेला काटकोनात पाडल्या होत्या. पाय मात्र काटकोनात वाकत नाही. अंगठ्यामागचा सांधा पुढे आणि करंगळीमागचा बराच मागे असल्याने वाकण्याची रेषा तिरकी जाते. खाचा त्या तिरक्या रेषेवर घेतल्यावर करंगळीकडचा फोम सुरकुतणे थांबले. खाचेची खोली फोमच्या जाडीच्या निम्मी ठेवली, तरी त्या जागेचा ताठरपणा आठव्या हिश्शावर येतो. इथेही तोच घनाचा हिशेब.

वरच्या कापडाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. जाळीचे कापड, नाडीच्या भोकांपाशी दुहेरी पट्टी, टाचेला आतून मऊ गुंडाळी. एवढ्याने वरचा भाग ८० वरून ६२ ग्रॅमवर आला. फर्म्याने, म्हणजे ज्यावर बूट बेततात त्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्याने, मात्र बराच वेळ खाल्ला. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीय पाय युरोपीय व अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचे आढळले आणि त्यावरून ‘भा’ या नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवली गेली. बाजारातल्या बहुतेक फर्म्यांत लांबी बरोबर बसली, की चवडा आवळतो, आणि चवडा मोकळा होईल असे माप घेतले, की टाच निसटते. त्याचे कारण हेच. तात्या माप घेताना कागदाची पट्टी चवड्याभोवती गुंडाळून तिला चिमटीने खूण करतात, आणि माप संध्याकाळीच घेतात, कारण दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. मी पहिले माप सकाळी घेतले होते. तो फर्मा आता घरात दाराला टेकू म्हणून वापरात आहे.

सध्या एका बुटाचे वजन २०० ग्रॅम आहे. फोमचा तळ अजून मी शीटमधून कापून ग्राइंडरवर घासते, कारण एका जोडीसाठी साचा करणे परवडत नाही. साचा करायचा झाला, तर मला उलटा विचार करावा लागेल: ओतकामात बीड थंड होताना साधारण एक टक्का आक्रसते म्हणून पॅटर्न मोठा करतात, आणि साच्यात फुगवलेला ईव्हीए साचा उघडताच बाहेर फुलतो म्हणून साचा वस्तूपेक्षा बराच लहान ठेवावा लागतो. इतकी वर्षे माझा हात माप मोठे करायला सवकलेला आहे.

आता टाक्यांच्या जागी नाडी घालून पाहत आहे. पट्टीच्या दोन्ही कडांना भोके पाडून त्यांतून बारीक वादी ओवली, आणि ती ओढली की थर एकमेकांवर दाबले जातात, सैल सोडली की सरकू लागतात. म्हणजे पट्टी बाहेर काढून घरच्या घरी आधार कमी-जास्त करता येईल. ओढलेली वादी धावताना सैल होते, ही त्यातली अडचण आहे. तात्यांनी गाठीची एक पद्धत दाखवली आहे, पण ती गाठ पायाखाली टोचते. ती टोचणार नाही अशी जागा कमानीच्या बाहेरच्या कडेला सापडेल असे वाटते. पुढच्या रविवारी जोतिबाच्या चढावर जाऊन ते पाहणार आहे, कारण उतरताना गाठ टोचते की नाही, हे रंकाळ्याच्या सपाट वाटेवर कळत नाही.