घरचं फाइल शेअरिंग, पुढची नोंद: परवानग्यांचा गुंता सुटला

मुख्य मशीन विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती. त्यावरून लॅपटॉप आणि हॉलमधल्या टीव्हीला फोल्डर दिलेत. वेगाचं काम आधीच झालंय, त्यामुळे या वेळी एवढंच पाहिलं: कोण काय वाचतं आणि कोण काय पुसू शकतं.

आधी एसएमबी १, म्हणजे विंडोजमध्ये नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याच्या प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून त्याचा सर्व्हर आपोआप बसत नाही, पण जुनं मशीन अपग्रेड करत आणलं असेल तर तो मागे राहिलेला असू शकतो. विंडोज फीचर्समध्ये पाहिलं, बंद आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) पसरला तो याच प्रोटोकॉलमधल्या त्रुटीवरून, आणि तिचा पॅच १४ मार्चलाच आला होता! माझा जुना मीडिया प्लेअर एसएमबी १ सोडून दुसरं काही बोलत नाही, पण त्याच्यापायी मी ते चालू करणार नाही. त्याला जेलीफिन या मीडिया सर्व्हरमधून डीएलएनएवर (घरच्या नेटवर्कवर उपकरणांना व्हिडिओ देण्याची पद्धत) चित्रपट दिले. डीएलएनएला पासवर्ड नसतो, म्हणून त्यात चित्रपटांखेरीज काहीच ठेवलेलं नाही.

खरा वेळ परवानग्यांत गेला, आणि मजाही तिथेच आली. फोल्डरला दोन वेगळ्या परवानग्या असतात, एक शेअरची (फोल्डर नेटवर्कवर देतानाची) आणि एक एनटीएफएसची (डिस्कवरच्या फाइल सिस्टिमची). नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात आणि त्यांतली जी कडक, ती चालते. मशीनसमोर बसलेल्याला मात्र शेअरची परवानगी लागतच नाही, त्याला फक्त एनटीएफएसची. म्हणजे शेअरला ‘रीड’ ठेवून फोल्डर सुरक्षित झाला असं समजणं अर्धवट आहे. मी आता शेअरला ‘एव्हरीवन’ काढून ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ला (खात्याने लॉगिन केलेल्यांना) ‘चेंज’ (वाचणं, लिहिणं, पुसणं) दिलंय आणि नेमकी वाटणी एनटीएफएसवर करतो. एकाच जागी पाहिलं की हिशोब लागतो.

टीव्हीसाठी वेगळं लोकल खातं केलं. त्याला चित्रपटांच्या फोल्डरवर फक्त वाचन, बाकी कुठेच प्रवेश नाही, आणि लोकल सिक्युरिटी पॉलिसीतून मशीनवर थेट लॉगिनही बंद. गेस्ट प्रवेशाचा, म्हणजे बिनपासवर्डच्या प्रवेशाचा, मोह टाळाच. गेस्ट जोडणीला साइनिंगही (डेटा वाटेत बदललेला नाही याची तपासणी) नसतं आणि एन्क्रिप्शनही (डेटा वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक करणं) नाही.

कागदपत्रांच्या शेअरवर एन्क्रिप्शन सक्तीचं केलं. पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड लाइनवर) ‘सेट-एसएमबीशेअर’ला ‘एन्क्रिप्टडेटा’ जोडलं की झालं. लॅपटॉपवर ‘गेट-एसएमबीकनेक्शन’ चालवलं तर डायलेक्ट (जोडणीतली एसएमबीची आवृत्ती) ३.१.१ दिसतो. जे उपकरण एसएमबी ३ बोलत नाही, त्याला हा शेअर आता उघडताच येत नाही. मला हेच हवं होतं.

शेअरच्या नावाला शेवटी डॉलरचं चिन्ह लावून ‘लपवण्या’बद्दल: नाव यादीत दिसत नाही, एवढंच. ज्याला नाव माहीत आहे तो थेट टाइप करतो. त्याला सुरक्षा म्हणू नका.

राउटरवर यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद केलं, एसएमबीचा ४४५ पोर्ट कुठेच फॉरवर्ड नाही. आयपीव्ही६ वर मात्र नॅटचा (सगळी उपकरणं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणाऱ्या सोयीचा) आडोसा नसतो, म्हणून राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे ना, हे वेगळं पाहून घेतलं. बाहेरून घरच्या फाइल हव्या असतील तर वायरगार्ड या व्हीपीएननेच आत यायचं, असं ठरवलंय.

आता उरलाय लॅपटॉप. त्याच्याकडे लिहिण्याची परवानगी आहे, तेव्हा त्यावर रॅन्समवेअर आलं तर ते त्याच परवानगीने शेअरवरच्या फाइलही एन्क्रिप्ट करील. पासवर्ड, साइनिंग, एन्क्रिप्शन यांतलं काहीच तिथे आडवं येत नाही. पुढच्या नोंदीत बॅकअप वेगळ्या खात्याने दुसऱ्या डिस्कवर नेणार आहे. लॅपटॉपला ती डिस्क दिसणारच नाही.