दार्जिलिंगचा चहा तयार होताना पाहायचा असेल तर: माझा अनुभव

दार्जिलिंगला जायचे ठरले की महाराष्ट्रातील बहुतेक कुटुंबे मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी धरतात आणि कांचनगंगेचे शिखर दिसेल की नाही, या एका प्रश्नाभोवती सगळे नियोजन करतात. मला मात्र झुडपावरचे पान खुडल्यापासून ते डब्यात भरले जाईपर्यंत त्याचे काय काय होते, ते प्रत्यक्ष पाहायचे होते. त्यामुळे प्रवासाच्या तारखा ठरवताना शाळेचे वेळापत्रक किंवा हवामानाचा अंदाज यांच्याआधी मला चहाच्या हंगामाचा अभ्यास करावा लागला, आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर तोच अभ्यास उपयोगी पडला.

दार्जिलिंगच्या झुडपांना वर्षातून ठरावीक वेळा नवी पालवी फुटते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतची खुडणी म्हणजे फर्स्ट फ्लश, मे आणि जूनमधील सेकंड फ्लश, त्यानंतर पावसाळी चहा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील शेवटचा ऑटमनल, असे तेथे चार हंगाम मानतात. डिसेंबरच्या मध्यापासून पुढचे दोन-अडीच महिने झुडपे थंडीमुळे निद्रिस्त असतात, मळ्यांमध्ये छाटणी चालते आणि कारखाने थांबलेले असतात. हिमशिखरे सर्वांत स्वच्छ दिसण्याचा काळ ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंतचा असल्याने, नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्याला पर्वत मनसोक्त पाहता येतो, परंतु चहाचा कारखाना त्याला बंदच दिसतो. दोन्ही हवे असणाऱ्यांसाठी नोव्हेंबरचा पूर्वार्ध योग्य आहे, असे माझे मत आहे. मला फर्स्ट फ्लश पाहायचा होता, म्हणून मी आणि माझ्या थोरल्या बहिणीने एप्रिलचा पहिला पंधरवडा निवडला आणि धुरकट हवेत शिखर दिसले नाही तरी चालेल, हे आधीच मान्य करून टाकले.

वाराचाही विचार करावा लागतो, हे अनेकांना ठाऊक नसते. रविवारी मळ्यात खुडणी होत नाही. रविवारी पान आले नाही म्हणजे सोमवारी कारखान्यातील बहुतेक यंत्रांना काम नसते. म्हणून आम्ही शनिवार-रविवार प्रवासात आणि विसाव्यात घालवून कारखान्याची भेट आठवड्याच्या मध्यावर ठेवली.

रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते, त्यामुळे हावड्याची गाडी आणि कोलकात्याहून पुढची गाडी अशी दोन्ही तिकिटे उघडताक्षणी काढणे हिताचे आहे. दार्जिलिंग मेल सियालदह स्थानकावरून रात्री सुटते आणि सकाळी न्यू जलपाइगुडीला पोहोचवते. मुंबईहून येणारी गाडी मात्र हावड्याला येते, आणि या दोन स्थानकांच्या मध्ये हुगळी नदी व कोलकात्याची गर्दी आहे. मुंबईची गाडी उशिरा येण्याची शक्यता गृहीत धरून या दोन गाड्यांमध्ये किमान अर्ध्या दिवसाचे अंतर ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. ज्यांना विमान परवडते त्यांच्यासाठी सिलिगुडीजवळचे बागडोगरा विमानतळ आहे.

न्यू जलपाइगुडीहून वर जाण्याचे दोन मार्ग आहेत. छोट्या रेल्वेने सुमारे ८८ किलोमीटरचा प्रवास करण्यास सात तासांहून अधिक वेळ लागतो, तर सामायिक जीप साधारण तीन ते चार तासांत पोहोचवते. आम्ही जीप घेतली आणि छोटी रेल्वे वरच्या मुक्कामासाठी राखून ठेवली. सपाटीवरचा उकाडा कर्सियांगपर्यंत मागे पडतो, सोनादापाशी धुके सुरू होते आणि २,२५८ मीटर उंचीवरच्या घूमला पोहोचेपर्यंत स्वेटर अंगावर चढलेला असतो. मराठी माणसाला या रस्त्यावर एक मोठी सोय आहे. नेपाळी भाषा देवनागरीत लिहिली जात असल्याने दुकानांच्या, शाळांच्या आणि मळ्यांच्या पाट्या आपल्याला अडखळत का होईना वाचता येतात. १९९२ मध्ये कोकणी आणि मणिपुरी यांच्यासोबतच नेपाळीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला, याची मला त्या पाट्या वाचताना आठवण झाली.

निवासाबाबत एवढेच सांगते की चौरस्ता या गावातल्या मुख्य चौकाच्या वरच्या अंगाला वाहने जात नाहीत, त्यामुळे सामान कमी ठेवावे. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत गावात पाण्याची टंचाई असते आणि पुष्कळ ठिकाणी टँकरचे पाणी विकत घेतले जाते. पाहुण्यांनी बादलीभर पाण्यात भागवणे ही त्या गावाबद्दलची किमान आस्था आहे.

दार्जिलिंगमध्ये चहा मुळात नव्हता. सिक्कीमच्या राजाने १८३५ मध्ये हा डोंगर ईस्ट इंडिया कंपनीला दिला. इंग्रजांना येथे आजारी सैनिकांसाठी थंड हवेचे ठिकाण हवे होते. तेथील प्रशासक डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी १८४१ मध्ये आपल्या आवारात चहाचे बी लावून पाहिले आणि १८५० च्या दशकात व्यापारी मळे उभे राहू लागले. आसामच्या खोऱ्यात मोठ्या पानांची स्थानिक जात वाढते, परंतु या थंड उतारांवर लहान पानांची चिनी जात तगली, आणि दार्जिलिंगच्या चहाच्या सुगंधाचे एक मोठे कारण तीच आहे. त्या काळातील कित्येक झुडपे आजही उत्पन्न देत आहेत. दार्जिलिंग हे नाव लावण्याचा अधिकार असलेले मळे केवळ ८७ आहेत.

आम्ही हॅपी व्हॅली हा मळा निवडला, कारण तो गावातून पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि तेथे पाहुण्यांना माहिती देत कारखाना दाखवला जातो. १८५४ मध्ये सुरू झालेला हा मळा लेबाँग कार्ट रोडच्या खालच्या उतारावर पसरलेला आहे. छायाचित्रांत हिरवा गालिचा दिसतो, परंतु प्रत्यक्ष त्या उतारावर उभे राहिल्यावर तो किती तीव्र आहे याची कल्पना येते. झुडपांमधल्या वाटा जेमतेम पाऊल मावेल एवढ्याच असतात, आणि बायका पाठीवरचा डोको, म्हणजे बांबूची टोपली, कपाळावरून घेतलेल्या नाम्लोच्या पट्ट्याने तोलून धरत दोन्ही हातांनी खुडत असतात. वरची कळी आणि तिच्याखालची दोन कोवळी पाने एवढाच शेंडा घ्यायचा असतो. तिसरे जून पान आले तर चहाचा दर्जा उतरतो. एक किलो तयार चहासाठी चार किलोंहून अधिक हिरवा पाला लागतो, आणि शेंड्याचे वजन ते किती असणार! छायाचित्र घेण्यापूर्वी आम्ही विचारले तेव्हा एक वयस्क बाई हिंदीत म्हणाल्या, "घ्या दिदी, पण आधी हात बघा." त्यांच्या बोटांची टोके चिकाने काळी पडली होती.

या ठिकाणी चहाच्या किमतीचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. पश्चिम बंगालमधील चहामळा कामगारांची रोजंदारी २०२३ मध्ये २५० रुपये ठरली, आणि ज्या घरांत ही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली त्यांच्या जमिनीचा हक्क हा तेथील जुना व अजून जिवंत प्रश्न आहे. २०१७ मध्ये वेगळ्या गोरखालँड राज्याच्या मागणीसाठी झालेल्या आंदोलनात १०४ दिवस सर्व व्यवहार बंद राहिले आणि सेकंड फ्लशचा बहुतांश हंगाम झुडपांवरच गेला. त्याआधीच्या वर्षी सुमारे ८० लाख किलो असलेले उत्पादन त्या वर्षी ३२ लाखांच्या आसपास आले. वाढलेली झुडपे पुन्हा खुडणीच्या उंचीवर आणण्याचे कष्टही याच बायकांच्या वाट्याला आले.

कारखान्यात शिरताच नाकात येणारा वास तयार चहाचा नसतो. तो ओल्या गवताच्या आणि कच्च्या फळाच्या जवळचा असतो. वरच्या मजल्यावर लांबलचक जाळीदार हौदांमध्ये पाला पसरलेला होता आणि खालून पंख्याची हवा सोडली होती. या सुकवणीला चौदा ते अठरा तास लागतात, म्हणजे आदल्या दिवशी खुडलेले पान दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या टप्प्यावर जाते. पान हाताच्या मुठीत दाबून पाहिले तर मोडत नाही, मऊ चामड्यासारखे वळते, आणि ते वळू लागले की पुढील काम सुरू करायचे. हा निर्णय घेणारा माणूस घड्याळाकडे न पाहता पानाचा वास घेऊन ठरवतो. आम्हाला कारखाना दाखवणाऱ्या दाजूंनी (नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ) तो वास आम्हालाही घ्यायला लावला, तेव्हा एकाच हौदाच्या दोन टोकांच्या पानांतला फरक मला थोडाफार कळला.

त्यानंतर पितळी पट्ट्या असलेल्या गोल टेबलावर, वरून झाकणाचा दाब देत, पाला वळला जातो. पेशी फुटतात, रस बाहेर येतो आणि हवेशी त्याचा संयोग सुरू होतो. बोलीत याला आंबवणे म्हणतात, तरी प्रत्यक्षात ते ऑक्सिडीकरण आहे. फर्स्ट फ्लशच्या चहात हा टप्पा फार थोडा वेळ चालतो, म्हणून तयार पानांत हिरवी झाक राहते आणि पेल्यातला रंग फिकट सोनेरी येतो. सेकंड फ्लशमध्ये तो लांबवला जातो. त्यानंतर गरम हवेच्या यंत्रात पान वाळवून त्यातली ओल दोन-तीन टक्क्यांवर आणतात आणि हलत्या चाळण्यांमधून अख्खे पान, तुटके पान, बारीक चुरा आणि भुकटी असे वेगळे करतात. आपल्याकडच्या अमृततुल्यात उकळणारी दाणेदार सीटीसी भुकटी, म्हणजे पान चिरडून, फाडून आणि वळवून केलेला चहा, ही पूर्णतः वेगळ्या यंत्रातून, मुख्यतः आसाम आणि उत्तर बंगालच्या पायथ्याशी असलेल्या डुआर्सच्या पाल्यापासून येते. दूध, आले आणि वेलदोडा यांच्यापुढे टिकणारा कडकपणा तिच्यात मुद्दाम आणलेला असतो. दोन्हींना चहा म्हणत असलो तरी एकाची अपेक्षा दुसऱ्याकडून करणे अन्यायाचे आहे.

चव घेण्याच्या टेबलावर पांढऱ्या पेल्यांची रांग होती. प्रत्येक पेल्यामागे भिजलेले पान झाकणावर काढून ठेवले होते, आणि जाणकार आधी त्या ओल्या पानाचाच वास घेतात. सेकंड फ्लशच्या ज्या पक्व द्राक्षासारख्या सुगंधाला मस्कटेल म्हणतात, त्यामागे तुडतुड्यांसारख्या बारीक किडींचा हात असतो. किडीने चावलेले पान स्वसंरक्षणासाठी जी द्रव्ये तयार करते, त्यांतून तो सुगंध येतो. म्हणून तो मे-जूनमध्येच पूर्ण उमलतो.

छोट्या रेल्वेची सफर आम्ही दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग अशी घेतली. तिचे आरक्षण ऑनलाइन मिळते आणि वाफेच्या इंजिनाची तिकिटे लवकर संपतात. १८८१ मध्ये पूर्ण झालेली, दोन रुळांमध्ये दोन फूट अंतर असलेली ही रेल्वे १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ती बाजारातील दुकानांना जवळजवळ स्पर्श करत जाते, आणि बतासिया लूप या वळसा घेणाऱ्या रुळमार्गावर गोरखा सैनिकांच्या स्मारकापाशी थांबते. अनपेक्षितपणे त्या सकाळी हवेतला धुरकटपणा विरळ झाला आणि कांचनगंगा काही काळ दिसली.

खरेदी हा या प्रवासातील सर्वांत जपून करण्याचा भाग आहे. बाजारातील एका दुकानात, ज्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, आम्हाला गोणीतला सुटा चहा दार्जिलिंग म्हणून दाखवण्यात आला. मी मळ्याचे नाव आणि हंगाम विचारला, तेव्हा त्यांना उत्तर देता आले नाही. सीमेपलीकडे नेपाळच्या इलाम भागात अगदी अशीच झुडपे आहेत आणि तेथील चहा स्वस्त पडतो. तो चहा चांगला असतो, मी तो आवडीने प्यायले आहे, परंतु तो त्याच्या स्वतःच्या नावाने विकला गेला पाहिजे. भौगोलिक मानांकन मिळालेले भारतातील पहिले उत्पादन म्हणजे दार्जिलिंगचा चहा, आणि हे नाव उसने घेतले जाते तेव्हा त्याचे नुकसान उतारावर उभ्या असलेल्या त्या बायकांपर्यंत पोहोचते. त्यामुळे पाकिटावर चहा मंडळाचे, हातात पान धरलेल्या स्त्रीचे बोधचिन्ह आहे का, मळ्याचे नाव, हंगाम आणि वर्ष लिहिले आहे का, हे पाहावे. चांगला विक्रेता डीजे क्रमांकही सांगतो. मळ्यात त्या वर्षी तयार झालेल्या चहाच्या खेपांना हा क्रमांक ओळीने दिला जातो, त्यामुळे लहान क्रमांकाचा अर्थ हंगामाच्या अगदी सुरुवातीची खेप असा होतो. एस. एफ. टी. जी. एफ. ओ. पी. ही लांबलचक अक्षरे पानाच्या आकाराची आणि त्यातील कोवळ्या शेंड्यांची प्रत सांगतात. चवीची खात्री मात्र दुकानात चहा करून घेऊनच करावी, आणि जाणते दुकानदार त्याला कधीही नकार देत नाहीत.

एकाच चहाचे एक किलो घेण्याऐवजी निरनिराळ्या मळ्यांची शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटे घ्यावीत, असा सल्ला दाजूंनी दिला आणि तो मी पाळला. फर्स्ट फ्लशचा ताजेपणा काही महिन्यांतच उतरू लागतो, त्यामुळे पाकीट फोडले की हवाबंद डब्यात भरून, मसाल्याच्या डब्यापासून दूरच्या फडताळात ठेवावे. एका पेल्याला सपाट चमचाभर पान पुरते. पाणी उकळी फुटण्याच्या बेतात असतानाच उतरवून पानांवर ओतावे, झाकण ठेवावे आणि तीन मिनिटांनी गाळावे. त्यात दूध घालू नये आणि पहिला पेला तरी साखरेवाचून प्यावा. तेच पान दुसऱ्यांदा पाणी घालूनही चांगले उतरते, फक्त त्या वेळी चार मिनिटे थांबावे.