आमची वाटचाल : आधी विचारतो, खेळतोस कुठे?

वडील फॅक्टरीत कामाला होते आणि संध्याकाळी घराच्या ओट्यावर बसून पोरांच्या स्टिका दुरुस्त करायचे, आमचा धंदा सुरू झाला तो तिथनं. पुण्याच्या खडकीत तेव्हा ज्याच्या त्याच्या हातात हॉकी. भारताकडून खेळलेले धनराज पिल्ले इथलेच, फॅक्टरीच्या कॉलनीत तुटक्या स्टिकांनी खेळत मोठे झाले, आणि खरं सांगायचं तर नवी स्टिक परवडायची कोणाला, सगळेच तसे खेळायचे. तुतीच्या लाकडाचं हेड, म्हणजे चेंडू मारायचं खालचं टोक, आणि वेताचं हँडल. चीर गेली की वडील तिच्यात सरस भरायचे, वरून दोरा असा आवळून गुंडाळायचे की नखसुद्धा आत जाणार नाही, आणि रात्रभर वाळत ठेवायचे. सकाळी शाळेच्या आधी पोरं दारात हजर.

ते रिटायर झाले त्या वर्षी मी बाजारात एक छोटा गाळा घेतला. माल जालंधर आणि मेरठहून यायचा, अजूनही तिथूनच येतो. तोवर लाकूड मागं पडलं होतं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर गेली, चेंडूचा वेग वाढला, मग फायबर आणि कार्बनच्या स्टिका आल्या. मला त्यातलं फार कळत नव्हतं, जी खपते ती मागवायची आणि विकायची, गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न बजेट किती.

एक पोरगा यायचा आमच्याकडे, सतरा वर्षांचा, पावणेसहा फुटांच्या वर उंची, फुलबॅक खेळायचा, म्हणजे गोलपुढचा मागचा डिफेंडर. त्याला मी दुकानातली सगळ्यात महागडी स्टिक दिली, साडेछत्तीस इंची, लो बो, म्हणजे जिचा बाक अगदी खाली हेडजवळ असतो ती. पोरगा खूश, त्याचे वडील खूश, मीपण खूश. पुढच्याच टूर्नामेंटमध्ये त्याने आपल्या डीमधनं (गोलसमोरच्या अर्धगोलातनं) बॉल क्लिअर करायला जोरात हिट मारली, बॉल उडाला आणि समोरच्याच्या गुडघ्याला लागला, अंपायरने समोरच्या टीमला पेनल्टी कॉर्नर (गोलवर मारायची खास संधी) दिला आणि त्यावर गोल बसला. दुसऱ्या दिवशी त्याचे कोच दुकानात आले. ओरडले नाहीत. स्टिक काउंटरवर पालथी ठेवली, बाकाखालच्या फटीत बोट घालून दाखवलं आणि म्हणाले, हा मुलगा ड्रॅग फ्लिक (पेनल्टी कॉर्नरला चेंडू स्टिकवर ओढत नेऊन गोलात भिरकावणं) मारतो का? नाही ना, मग हे वळण त्याच्या काय कामाचं?

त्या दिवशी मी नुसतं ऐकत बसलो, दीड तास. बाक २५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही हा नियम मला पाठ होता, पण तो बाक कुठे आहे यानं खेळ बदलतो हे कळलं नव्हतं. खाली बाक असला की हिट मारताना स्टिकचं तोंड जरा मागं कलतं, म्हणून फ्लिक आणि स्कूप (चेंडू उचलून टाकणं) छान उठतात पण सरळ हिटसुद्धा उचलली जाते. डिफेन्समधनं तीस-चाळीस मीटर लांब पास जमिनीलगत जायला पाहिजे, त्याला मिड बो बरी, म्हणजे बाक मधल्या भागात असलेली. त्याला स्टिक बदलून दिली, साडेसदतीस इंची, मिड बो, फरकाचे पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे बजेट नंतर विचारतात, आधी विचारतात खेळतोस कुठे. डिफेंडर असेल तर लांबीपासून सुरू करतो, कारण एका हाताने जॅब मारायची, म्हणजे स्टिक पुढं खुपसून चेंडू काढायचा, तर अर्धा-एक इंचसुद्धा लाखमोलाचा, पण उगीच लांब घेतली तर रिव्हर्सला, म्हणजे उलट्या बाजूला फिरवताना अडकते, म्हणून सहा फुटांच्या खाली साडेअडतीस मी देत नाही. मग तोल. स्टिक आडवी करून बोटावर ठेवायची आणि बोट हेडच्या बाजूला किती सरकवावं लागतं ते बघायचं. वजन हेडकडे असलं की टॅकलमध्ये मनगट मागं ढकललं जात नाही आणि हिटला दम येतो, फॉरवर्डला मात्र तीच स्टिक जड वाटेल. टो, म्हणजे हेडचं वळलेलं टोक, मॅक्सी म्हणजे मोठा, चेंडू अडवायला लाकूड जास्त मिळतं (लाकूड नसलं तरी आम्ही लाकूडच म्हणतो).

कार्बनचं वेड फार आहे. नव्वद टक्के कार्बनची स्टिक ताकदवान असते, पण कडक असते, जोरात आलेला चेंडू टणकन पुढं उडतो आणि फुलबॅकच्या समोर चार पावलांवर फॉरवर्ड उभाच असतो. शाळेतल्या पोरांना मी निम्म्याच्या वर कार्बन देत नाही, आईबाप कितीही म्हणाले तरी.

कार्बनवरनंच एकदा मोठा फटका बसला. एका सप्लायरच्या लॉटवर सत्तर टक्के छापलेलं, महिन्याच्या आत स्टिका तुटून परत यायला लागल्या. तुटलेल्या जागी काळा कार्बन दिसायला हवा तिथं जवळपास सगळी पांढरी काच, फायबरग्लास. सगळ्यांचे पैसे परत दिले, त्या वर्षी दिवाळीला घरात नवीन काही आलं नाही. आता नवीन लॉटमधली एक स्टिक मी स्वतः करवतीने कापून बघतो.

भारताचा हरमनप्रीत सिंग डिफेंडर असून लो बो का वापरतो, असं हल्ली पोरं हमखास विचारतात. अरे, तो ड्रॅग फ्लिकर आहे, पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये त्याने दहा गोल मारले, त्यातले बहुतेक पेनल्टी कॉर्नरवर. तुझ्या टीमचे कॉर्नर तू मारतोस का? मारत असशील तर घे, आनंदाने देतो.

परवा नववीतली एक मुलगी आली, शाळेच्या टीमची फुलबॅक, आईला घेऊन. तिला रंगावरनं एक हलकी स्टिक आवडलेली. मी काही बोललो नाही, दोन स्टिका दिल्या आणि मागच्या बोळात वीसेक बॉल टाकले तिच्याकडे. बाराव्या-तेराव्या बॉलला तिने हलकी स्टिक भिंतीला टेकवून ठेवली ती परत घेतलीच नाही. वडील आत स्टुलावर बसलेले असतात अजून, त्यांनी तिचा पंजा आपल्या पंजावर ठेवून मापला आणि ग्रिपचा एक वेढा कमी केला.