वसंताची आखणी, उन्हाळ्याच्या हिशेबाने

थंडी ओसरू लागली की घरची बाग करणाऱ्या माणसाला एक विशिष्ट घाई सुटते, आणि या घाईला निसर्गाचीही थोडी फूस असते. विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे उत्तर गोलार्धात 20 मार्चच्या आगेमागे आणि दक्षिण गोलार्धात सप्टेंबरच्या उत्तरार्धात, दिवसाची लांबी वर्षातल्या इतर कोणत्याही काळापेक्षा जास्त वेगाने बदलत असते, त्यामुळे आठवड्याभरापूर्वी मुकी वाटणारी फांदी एकाएकी धुमारे फोडताना दिसते. हवा उबदार होते, पण माती मात्र मागे रेंगाळते. तिच्यात मुरलेले पाणी तापायला वेळ लागतो, आणि दुपारी अंगावरचा स्वेटर उतरला म्हणजे वाफाही तयार झाला असे समजण्यात काहीच अर्थ नसतो.

यंदाच्या आखणीची सुरुवात मी बियांच्या पाकिटांपासून न करता पाण्यापासून केली आहे. वसंतात जे रोप आपण हौसेने लावतो, त्याला पाणी घालावे लागते ते ऐन उन्हाळ्यात, आणि तेव्हाचा आपला उत्साह वेगळा असतो. फळांनी लगडलेले टोमॅटोचे एक मोठे रोप कडक उन्हात दिवसाला दोन लिटरपर्यंत पाणी सहज पिते, आणि दहा लिटरची भरलेली झारी म्हणजे दहा किलोंचे ओझे असते, हे दोन आकडे शेजारी मांडले की कागदावरची यादी आपोआप आखडते. लहान कुंडीत माती थोडी, म्हणून ती सकाळी भिजवली तरी दुपारी कोरडी होते. भाजलेल्या मातीच्या कुंडीतून तर बाजूंनीही बाष्पीभवन होत राहते. मुळांना त्यामुळे हवा आणि गारवा मिळतो हे खरे, पण त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. तेव्हा कठड्यावरची लहान कुंड्यांची रांग या वर्षी मोडायची आणि तिच्या जागी थोड्याच, पण खोल आणि रुंद कुंड्या ठेवायच्या, असे मी ठरवले आहे. दिसायला बाग रिकामी वाटेल, याची तयारी आहे.

त्यानंतर डब्यात साठलेले बियाणे. कांद्याचे बी साधारण वर्षा-दोन वर्षांतच उगवणक्षमता गमावू लागते, तर टोमॅटो, वांगी, काकडी यांचे बी कोरड्या आणि थंड जागी ठेवल्यास चार-पाच वर्षेही टिकते. त्यामुळे पाकिटावरचे वर्ष पाहून सरसकट सगळे फेकून देणे मला उधळपट्टी वाटते. ओलसर टिपकागदावर दहा बिया थोड्या थोड्या अंतरावर मांडायच्या, कागदाची सैल गुंडाळी करून झाकणाच्या डब्यात ठेवायची आणि डबा घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवून द्यायचा. मिरचीची गुंडाळी उलगडण्याची मला खरोखर ओढ असते: चपट्या, पिवळसर बीच्या कडेला आधी एक बारीक फट पडते, तिच्यातून पांढरा मोड डोकावतो, आणि कागदाच्या तंतूंना बिलगलेले त्याचे केसांसारखे मूळरोम उजेडात धरले की चकाकतात. दहांतल्या सात उगवल्या तर बियाणे चांगले, निम्म्याहून कमी उगवल्या तर दाट पेरायचे किंवा नवीन आणायचे. एवढ्या साध्या परीक्षेने ट्रेमधली महिनाभराची निष्फळ वाट पाहणे वाचते, तरी ती फारसे कोणी करत नाही. पाकिटावरच्या चित्राचा मोह बहुधा जास्त प्रबळ असावा.

पेरणीचा क्रम तापमानाने ठरतो. वाटाणा आणि पालक मातीचे तापमान दहा अंशांच्या आसपास असतानाही सावकाश उगवतात, टोमॅटोला वीस ते सत्तावीस अंश सेल्सिअस मानवते, तर मिरची आणि वांग्याला त्याहूनही थोडी अधिक ऊब लागते. उगवण होईपर्यंत या बियांना ऊब हवी असते. पहिली पाने उघडली की मात्र सगळी भूक उजेडाची. उबदार पण अंधाऱ्या खोलीत राहिलेली रोपे उजेडाच्या शोधात लांबट, पांढुरकी आणि नाजूक होतात, म्हणून अंकुर दिसताच ट्रे सर्वांत उजेडाच्या खिडकीशी न्यावा आणि जमल्यास जागा किंचित थंड असावी. दाट पेरणी, कोंदट हवा आणि सतत चिंब माती या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की देठ जमिनीलगत काळे पडून रोपे एका रात्रीत कोलमडतात. हा बुरशीजन्य रोग एकदा आला की रोप वाचत नाही. तेव्हा पाणी वरून न शिंपडता ट्रेखालच्या ताटलीत ओतावे आणि मातीचा वरचा थर मधूनमधून सुकू द्यावा. बाहेर हलवण्यापूर्वी आठवडा-दहा दिवस रोपांना ऊन-वाऱ्याची हळूहळू सवय लावणे हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग आहे, आणि तो टाळता येत नाही.

वाफ्याच्या बाबतीत माझा भरवसा कॅलेंडरपेक्षा मुठीवर आहे. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबावी. तिचा गोळा झाला आणि बोटाने हलके टोचूनही तो फुटला नाही, तर खुरपी परत ठेवून द्यावी. ओली, चिकण माती उकरली की तिच्यातली हवेची पोकळी मोडते आणि सुकल्यावर ढेकळे दगडासारखी होतात. गोळा सहज भुरभुरला, तर वर दोन बोटे कुजलेले कंपोस्ट पसरावे आणि खोल खणण्याच्या फंदात न पडता ते वरच्या थरात मिसळावे, बाकीचे काम गांडुळे करतात. थंड मातीत लावलेल्या टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळट झाली, तर लगेच खताच्या पिशवीकडे धाव घेण्याचे कारण नसते. गारठलेली मुळे स्फुरद (फॉस्फरस) नीट शोषू शकत नाहीत आणि माती तापली की नवी पाने बहुधा हिरवीच येतात. नत्र मात्र हात राखूनच द्यावे. त्याच्या अतिरेकाने पाने भरघोस येतात, फुले रेंगाळतात आणि त्या लुसलुशीत शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, हटकून येते.

मावा दिसला तरी मी काही दिवस फवारणी करत नाही, यावरून माझे बागप्रेमी मित्रांशी नेहमी मतभेद होतात. ढालकिड्याची एक अळी वाढीच्या काळात शेकडो मावा फस्त करते, पण तिला येण्यासाठी आधी काहीतरी खाद्य शिल्लक असावे लागते. फवारा मारून मावा आणि अळी दोन्ही संपवली, की पुन्हा लवकर परततो तो मावाच. शेंडे अगदीच आकसले तर पाण्याच्या जोरदार धारेने मावा धुऊन काढणे पुरते.

टोमॅटो, मिरची, वांगी आणि बटाटा ही एकाच कुळातली भावंडे असल्याने त्यांचे रोगही बरेचसे सामाईक असतात, म्हणून गेल्या वर्षीचा टोमॅटोचा वाफा यंदा घेवड्याला दिला आहे. गुलाबाची छाटणी फांदीवरच्या, बाहेरच्या दिशेने पाहणाऱ्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा येतो त्या कोंबाच्या) अर्धा सेंटिमीटर वर, डोळ्यापासून दूर उतरता काप घेऊन करायची. मात्र लायलॅकसारखी वसंतातच फुलणारी झुडपे गेल्या हंगामातल्या फांदीवर कळ्या धरून बसलेली असतात, त्यांना फुले ओसरल्यावरच कात्री लावावी.

एवढे सगळे ठरले, तरी भिंतीलगतच्या जाळीचा निर्णय राहिला आहे. तिथे मला काकडी हवी आहे, पण तिला पाणी भरपूर लागते आणि डब्यातले बीही जुने आहे. गुंडाळीत ते निम्म्याहून जास्त उगवले तर जाळी काकडीला मिळेल, नाहीतर तिथे वाल चढवीन.